आजारी कुत्र्याचे शेवटचे दिवस: घरच्यांनी काय काय करायचं

डॉक्टरांनी "आता फार काही हातात नाही" असं सांगितलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो पुण्याला नेऊया, मुंबईला नेऊया. दुसरा म्हणतो हाल नकोत, इंजेक्शन देऊन मोकळं करा. या वादात चार दिवस जातात आणि कुत्रं तिकडं जिन्याखाली ओल्या पोत्यावर पडून असतं. त्याला त्या घडीला कोरडं अंथरूण, दुखणं कमी करणारं औषध आणि तोंडाशी पाणी हवं असतं. कोल्हापूर आणि आसपासच्या, पहिल्यांदाच या वेळेला सामोरं जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. शेवटचा निर्णय रात्री दोन वाजता, कुत्रं तडफडत असताना, फोनवर डॉक्टर शोधत घ्यायची वेळ येऊ देऊ नका. तो दिवसाउजेडी, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून, कुत्रं अजून शेपूट हलवतंय तेव्हाच घ्यायचा असतो. खाली जे काही सांगितलंय ते सगळं त्याच्याच तयारीसाठी आहे.

खरंच शेवट आलाय का, ते आधी बघा

मरणाच्या दारात दिसणारी बरीच कुत्री योग्य उपचारांनी उठून बसतात. आपल्याकडं गोचीड ताप सर्रास होतो. कुत्रं अचानक खायचं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं आणि घरचे आशा सोडतात. वेळेत रक्त तपासून डॉक्सिसायक्लिन सुरू झालं तर यातली कितीतरी वाचतात. नसबंदी न केलेली मादी माजानंतर काही आठवड्यांनी मलूल झाली, खूप पाणी पिऊ लागली, पोट फुगलं, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. हे ऑपरेशनचं काम आहे, तेही तातडीचं. लिंगावर किंवा योनीत फुलकोबीसारखी रक्ताळलेली गाठ दिसली तर घाबरून जाऊ नका. कुत्र्यांमध्ये संबंधातून पसरणारा हा कर्करोग व्हिन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांना बहुतेक वेळा चांगली दाद देतो.

म्हणून एका डॉक्टरांचं ऐकल्यावर शक्य असेल तर दुसऱ्यांनाही दाखवा. पहिल्या डॉक्टरांना त्याचा राग यायचं कारण नाही. रक्ताचे, सोनोग्राफीचे कागद एका फाईलमध्ये ठेवा. मोठ्या तपासणीसाठी पुण्याच्या वाटेवर, खंबाटकी ओलांडल्यावर शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे. पण धाप लागलेल्या, उभं राहता न येणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला गाडीत घालून चार-पाच तास न्यायचं का, हा वेगळा प्रश्न आहे. तिथं गेल्यावर उपचार बदलणार असतील तरच न्या. "आम्ही सगळं केलं" एवढं समाधान मिळवायला त्याला तो प्रवास घडवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टरांशी बोलताना हे विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. आजार नेमका कुठला? बरा होणारा, की फक्त आटोक्यात राहणारा? यापुढं काय काय बिघडत जाईल? कुठलं लक्षण दिसलं की लगेच आणायचं? रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा? आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला जीभ रेटत नाही: वेळ आली तर तुम्ही घरी येऊन इंजेक्शन द्याल का?

जागा आणि अंथरूण

कुत्र्याला अंगणातून, टेरेसवरून किंवा पार्किंगमधून घरात घ्या. माणसांचा वावर असलेला पण पायात न येणारा कोपरा निवडा. एकटं पडलेलं कुत्रं जास्त अस्वस्थ होतं. गुळगुळीत फरशीवर अशक्त पाय घसरतात, म्हणून अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅट किंवा पोती टाका.

खाली जाड गादी, त्यावर मेणकापड, त्यावर जुनी वाकळ आणि सगळ्यात वर बदलता येईल असं सुती कापड. मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळणारे अंडरपॅड इथंही उत्तम चालतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात धुतलेली वाकळ तीन दिवस वाळत नाही, हे ध्यानात धरून कापडांचे चार-पाच संच आधीच काढून ठेवा. दमट कापड अंगाखाली राहिलं की कातडी सडायला वेळ लागत नाही.

उठता न येणाऱ्या कुत्र्याची कूस दर दोन ते चार तासांनी बदला. कोपर, माकडहाड, मांडीचं हाड, घोटा ही जखमा होण्याची ठिकाणं. कारवानी, मुधोळ जातीची कुत्री मुळातच हाडकुळी, त्यांना या जखमा लवकर होतात. लाल झालेली किंवा केस गेलेली जागा दिसली की त्याच दिवशी त्याखालची गादी जाड करा. चालवायचं असेल तर पोटाखालून टॉवेलची झोळी करून मागचा भाग उचलून धरा. लॅब्राडॉरसारखं जड कुत्रं जिन्यावरून न्यायला जाड चादर आणि दोन माणसं लागतात. काखेत हात घालून ओढू नका.

दुखणं ओळखणं

"ओरडत नाही, म्हणजे दुखत नसेल" हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी तितक्याच तळमळीनं सांगावं लागतं की असं नसतं. कुत्रं दुखणं लपवतं. गार जागी निवांत पडलेलं असूनही धापा टाकणं, रात्रभर जागा बदलत राहणं, एकच जागा सारखी चाटणं, पाठीला बाक येणं, अंग थरथरणं, हात लावला की मान वळवून बघणं, नेहमीच्या माणसावर गुरगुरणं ही सगळी दुखण्याची भाषा आहे.

औषध डॉक्टरांनी दिलेल्या वेळेवर, घड्याळ लावून द्या. दुखायला लागल्यावर द्यायचं असं ठरवलं तर दुखणं कायम एक पाऊल पुढं राहतं. घरातली गोळी मात्र अजिबात नको. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या जठरात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलनं यकृताला आणि रक्ताला इजा होऊ शकते. माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विषच. डॉक्टरांनी स्टेरॉईड दिलं असेल आणि दुसऱ्या दवाखान्यातून वेदनाशामक मिळालं असेल, तर दोन्ही एकत्र द्यायच्या आधी फोन करून विचारा. या जोडीनं पोटात रक्तस्राव होतो.

गोळी भरवायला उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा पनीरचा तुकडा सोयीचा. ते खात नसेल तर जबडा उघडून जिभेच्या अगदी मागं गोळी ठेवा, तोंड मिटून धरा आणि गळा हलकेच चोळा. मात्र लस न घेतलेलं कुत्रं अचानक विचित्र वागायला लागलं, लाळ गाळतंय, त्याला गिळता येत नाही असं दिसलं, तर तोंडात हात घालू नका. रेबीजची शक्यता संपेपर्यंत त्याला वेगळं ठेवून डॉक्टरांना बोलवा. चावा बसला किंवा लाळ जखमेला लागली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि तडक सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा.

खाणं, पाणी, श्वास

खाणं थोडं कोमट करून दिलं की वास सुटतो आणि भूक चाळवते. दिवसातून दोनदा भरपूर देण्यापेक्षा पाच-सहा वेळा चमचा-चमचा द्या. उकडलेलं कोंबडीचं मांस हाडं काढून, मऊ भात, अंडं. आपल्याकडं मटण शिजलं की कुत्र्यासाठी अळणी बाजूला काढायची पद्धत आहे. ती ठेवा, पण कांदा-लसूण आणि मीठ पडायच्या आधीच काढा. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. पांढरा रस्सा कितीही सौम्य वाटला तरी द्यायचा नाही. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेटही नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मांस किती द्यायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

जबरदस्तीनं तोंडात कोंबू नका, घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. सिरिंजनं पाणी द्यायचं झालं तर डोकं सरळ ठेवून गालाच्या बाजूनं थेंब थेंब द्या, घशात पिचकारी मारू नका. शेवटच्या एक-दोन दिवसांत कुत्रं खाणं नाकारतंच. तेव्हा ओल्या कापसानं ओठ आणि हिरड्या पुसत राहिलं तरी पुष्कळ होतं.

मूत्रपिंड निकामी होत असेल तर बरेच डॉक्टर खांद्याच्या मधल्या सैल कातडीखाली घरच्या घरी सलाईन द्यायला शिकवतात. हाताला वळण पडलं की अवघड नाही, कातडीखाली लिंबाएवढा फुगवटा येतो आणि काही तासांत जिरतो. हृदयरोगाच्या कुत्र्याला मात्र विचारल्याशिवाय सलाईन देऊ नये, फुप्फुसात पाणी साठतं. अशा कुत्र्याला पाणी कमी करायची गोळी चालू असते, त्यामुळं ते सारखं पितं आणि सारखं मुततं. लघवी आवरावी म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणारे लोक असतात, तसं करू नका.

श्वास मोजायला शिका. माझ्या मते घरच्यांच्या हातातलं सगळ्यात भरवशाचं मोजमाप हेच. कुत्रं गाढ झोपलेलं असताना मोबाईलवर ३० सेकंद लावा, छाती किती वेळा वर येते ते मोजा आणि दुप्पट करा. आमच्या पॉमेरियनला हृदयाचा आजार होता. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला हनुवटी टेकून झोपायची आणि घरातला जो कुणी तिला ओलांडून जाईल तो थांबून मोजायचा. मिनिटाला ३०च्या आत असेल तर ठीक. झोपेतही आकडा सारखा ३०च्या वर जाऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हिरड्या निळसर किंवा पांढऱ्याफटक दिसल्या, मान लांब करून श्वास घेऊ लागलं, तर उद्यावर टाकू नका.

स्वच्छता

लघवी-शी झाली की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडानं पुसून कोरडं करा. मागच्या भागाचे लांब केस आधीच कापून घ्या. दाताच्या किंवा गाठीच्या जखमेला वास येऊ लागला तर सांगायला लाजू नका, त्यावर औषध असतं. लेप्टोची (लघवीतून माणसालाही होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शक्यता असलेल्या कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा, पावसाळ्यात तर नक्कीच.

माश्यांकडं फार लक्ष द्या. पडून असलेल्या कुत्र्याच्या जखमेवर किंवा ओल्या केसांत माशी बसली की एक-दोन दिवसांत किडे पडतात. सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली, कानात, काखेत उजेड पाडून बघा. दिवसा मच्छरदाणी टाका. किडे दिसलेच तर फिनेल, रॉकेल, टर्पेंटाईन, डांबरगोळीची पूड यातलं काहीही ओतायचं नाही. त्यानं जखम पोळते, विष अंगात जातं. दवाखान्यात नेऊन किडे काढून घ्या.

पावसाळा, गणपती आणि रात्र

महापुराच्या दिवसांत दवाखाना अन् घर यांच्यामध्ये पाणी आलं तर काय, याचा विचार जूनमध्येच करा. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता. दोन-तीन आठवड्यांची औषधं घरात ठेवा. घर पूररेषेत असेल तर कुत्र्याला कुणाकडं हलवायचं ते आधीच बोलून ठेवा. अनंत चतुर्दशीला महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश हा पट्टा मिरवणुकीनं भरलेला असतो. त्या रात्री गाडी बाहेर निघणार नाही. डॉल्बीच्या दणक्यानं हृदयरोगी किंवा फिट येणारं कुत्रं बिथरतं. विसर्जन आणि दिवाळी, दोन्हीच्या आधी डॉक्टरांकडून शांत ठेवणारं औषध मागून घ्या, किंवा त्याला गावाबाहेरच्या नातेवाइकांकडं न्या.

फिट आली तर आजूबाजूचं सामान सरकवा, दिवा मंद करा, वेळ लावा. तोंडात बोटं घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ येत राहिली तर तातडीनं दवाखाना. पोट अचानक टम्म फुगून नुसत्याच कोरड्या उलट्या येत असतील तर तेही एक क्षण न थांबता न्यायचं दुखणं.

१९६२ या टोल फ्री क्रमांकावर शासनाचा फिरता पशुवैद्यकीय दवाखाना मिळतो. त्याचा मुख्य भर गाई-म्हशींवर आहे, तरी खेडेगावातल्यांनी नंबर जवळ ठेवावा. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. सेवा झेपत नाही म्हणून आजारी कुत्र्याला घाटात किंवा हायवेला नेऊन सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. झेपत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. तसं सांगण्यात कमीपणा नाही.

वेळ झाली का, हे कसं ओळखायचं

रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. म्हणून नोंद ठेवा. शिवाजी पेठेतल्या एका काकूंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहायच्या चौकोनातच रोज एक खूण करायला सुरुवात केली. दिवस बरा गेला तर बरोबरची, वाईट गेला तर फुली. महिन्याच्या पहिल्या ओळीत एखादीच फुली होती, तिसऱ्या ओळीत दीड लिटर, दोन लिटरच्या खाली सगळ्या फुल्याच. त्यांच्या मुलाला जे डॉक्टरांचं बोलणं पटत नव्हतं ते त्या पानानं पटलं.

अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी सात गोष्टींची पट्टी तयार केली आहे: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला १०पैकी गुण द्यायचे, दुखणं जितकं आटोक्यात तितके गुण जास्त. ७०पैकी ३५च्या वर बेरीज राहिली तर सेवा चालू ठेवण्यात अर्थ आहे, असं त्या धरतात. घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळे गुण देऊन बघा. जो कुत्र्याला रात्री उठून बघतो त्याचे गुण बहुतेक वेळा सगळ्यात कमी असतात, आणि तेच जास्त महत्त्वाचे धरावेत.

याशिवाय कुत्र्याच्या आवडीच्या तीन गोष्टी लिहून ठेवा. गेटवर गाडीचा आवाज आला की उठणं, संध्याकाळी रंकाळ्यावर जाणं, आजोबांच्या ताटाजवळ बसणं, जे काही असेल ते. तिन्ही बंद पडल्या की डॉक्टरांशी दयामरणाबद्दल बोलायची वेळ झाली.

ज्या घरात जीव घेणं पाप मानलं जातं तिथं हा विषय फार जड जातो, आणि त्या भावनेचा मान ठेवलाच पाहिजे. नैसर्गिक मरणाची वाट बघायची ठरली तरी दुखण्याचं औषध अखेरपर्यंत चालू ठेवा. पण सगळी नैसर्गिक मरणं झोपेत येत नाहीत. फुप्फुसात पाणी साठलेलं कुत्रं गुदमरत जातं. ते कळत असताना थांबून राहणं मला योग्य वाटत नाही. चार दिवस आधी निर्णय झाला म्हणून कुत्र्याचं नुकसान होत नाही, एक रात्र उशीर झाला तर ती रात्र त्यालाच काढावी लागते.

त्या दिवशी

शक्यतो घरीच, ओळखीच्या अंथरुणावर. डॉक्टरांना फी, संमतीचा कागद आणि वेळ आधी विचारा, म्हणजे त्या घडीला पैशांचं बोलणं नको. एक गोष्ट ठामपणे विचारा: आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना? कुत्रं पूर्ण बेशुद्ध झाल्यावरच पेंटोबार्बिटालसारखं भुलीचं औषध जादा मात्रेत शिरेतून द्यायचं असतं. शुद्धीत असलेल्या कुत्र्याला नुसतं मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराईड देणं अमानुष आहे. तसं कुणी करत असेल तर सरळ थांबवा.

शिरेतलं औषध गेल्यावर हृदय साधारण एक-दोन मिनिटांत थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा खोल उचका येऊ शकतो, स्नायू थरथरतात, लघवी होते. ते कुत्रं परत आलंय असं नसतं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करून सांगतील. मुलांना तिथं थांबायचं असेल तर थांबू द्या, नको असेल तर आग्रह नको. "गावाला गेला" असं सांगू नका, ती गेटवर वाट बघत बसतात. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला जवळ येऊन हुंगू द्या.

नंतर

काही तासांत अंग ताठरतं, म्हणून पाय आधीच पोटाशी घेऊन सुती कापडात गुंडाळा. स्वतःचं शेत असेल तर विहीर आणि ओढ्यापासून लांब, पुराचं पाणी चढत नाही अशा जागी किमान चार फूट खोल खड्डा घ्या. इंजेक्शन दिलेलं असेल तर खोली जास्तच हवी. ते मांस उकरून खाल्लं तर दुसरी कुत्री, घारी मरतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पुरू नका. पंचगंगेत सोडणं तर अजिबात नको. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं काय सोय आहे ते आठवडाभर आधीच विचारून ठेवावं.

रडू येईल, येऊ द्या. "कुत्र्यासाठी एवढं?" म्हणणाऱ्याला उत्तर द्यायची गरज नाही.

उरलेल्या गोळ्या, इंजेक्शनं, न उघडलेल्या सलाईनच्या बाटल्या डॉक्टरांना परत द्या, दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला अंदाजानं देऊ नका. कुत्रं पार्व्होनं गेलं असेल तर तो विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो. फरशी आणि भांडी आधी साबणानं धुऊन मग ३० भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून पुसा, दहा मिनिटं ओलं राहू द्या. मातीचं अंगण असं साफ होत नाही. त्यामुळं नवं पिल्लू आणायचंच झालं तर त्याचे लसीचे सगळे डोस पूर्ण झाल्यावरच आणा.